मेरीला नेमकं काय कळलं?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सनच्या मेरीच्या युक्तिवादावरचा तुझा निबंध सावकाश वाचला. 'फ्रँक जॅक्सननेच पुढे मत बदललं, तेव्हा प्रश्न मिटला' हे तुझं शेवटचं वाक्य मला पटलं नाही. त्याने मत का बदललं, हे तपासायला हवं.

मांडणी तू नीट केली आहेस. जॅक्सनच्या १९८२ च्या लेखातली मेरी ही काल्पनिक शास्त्रज्ञ काळ्या-पांढऱ्या खोलीत राहून रंगदृष्टीचं सगळं भौतिक ज्ञान मिळवते. बाहेर येऊन रंग पाहते तेव्हा तिला काहीतरी नवं कळतं. म्हणून भौतिकवाद, म्हणजे जगात जे आहे ते सगळं भौतिकच हे मत, खोटं, असं तेव्हा जॅक्सन म्हणत होता.

नेमिरो आणि लुईस या भौतिकवादी तत्त्वज्ञांचं उत्तर तू लगेच मान्य केलंस: तिला माहिती नव्हे, क्षमता मिळाली, लाल रंग ओळखण्याची, डोळे मिटून आठवण्याची. पण १९८६ च्या लेखात जॅक्सन इतरांच्या अनुभवाकडे बोट दाखवतो. आपण खोलीत होतो तेव्हा बाहेरच्या माणसांना पिकलेला टोमॅटो कसा दिसत होता, हेही मेरीला आता उमगतं. तिची ही समजूत बरोबर किंवा चूक ठरू शकते. पोहता येणं बरोबर किंवा चूक नसतं, येतं किंवा येत नाही. निव्वळ क्षमतेवर भागत नाही ते इथे.

क्नुट नॉर्दबी हा नॉर्वेचा दृष्टिशास्त्रज्ञ जन्मापासून पूर्ण रंगांध होता. रंगांचं शास्त्र त्याला अवगत होतं, तरी रंग म्हणजे काय हे त्या ज्ञानातून कळत नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. मात्र त्याच्या ज्ञानात जे नाही, ते जगात भौतिकाहून वेगळं आहे, हे त्यातून निघत नाही. मेरीच्या युक्तिवादातली उडी हीच. गावाचा नकाशा पाठ असलेला माणूस चौकात वाट चुकला आणि कुणी 'तू इथे आहेस' म्हणून बोट ठेवलं, तर त्याला नवं कळतं. गावात एक गल्लीही वाढत नाही. तीच वस्तुस्थिती दुसऱ्या वाटेने हाती येते.

माझं मत या बाजूला झुकतं, पण समाधान होत नाही. आतून जाणण्याची ही वाट मेंदूत कशी तयार होते, ते भौतिकवाद्यानेच सांगायचं आहे, आणि तुझ्या निबंधात त्याबद्दल एक ओळही नाही.

आता जॅक्सनची खरी अडचण. १९८२ मध्ये त्याचं म्हणणं होतं, की अनुभवाचे हे गुण, म्हणजे क्वालिया, भौतिक जगात काहीच घडवत नाहीत. मग टोमॅटो पाहून मेरी 'अरेच्चा!' म्हणते ते कशामुळे? लालपणाच्या अनुभवामुळे नाही, कारण तो तिची जीभ हलवू शकत नाही. मेंदूतल्या घडामोडींमुळेच. म्हणजे ज्या उद्गारावरून आपण तिला नवं कळलं असं समजतो, त्यात क्वालियाचा हातच नाही! जॅक्सन भौतिकवादाकडे वळला त्यामागे हे एक मोठं कारण होतं. तू ते गाळलंस, आणि मला तर सगळ्या वादात तेच सर्वांत धारदार वाटतं.

मात्र त्याने क्वालिया काही घडवत नाहीत ही बाजू सोडली, तरी 'मेरीला नवं कळतं' ही जाणीव तशीच शिल्लक राहते. ती भ्रम असेल तर कसला, हे सांगावं लागेल. तिसरा भाग इथून नव्याने लिही. लुईसला दोन परिच्छेद पुरेत. १९८६ चा लेख आधी पूर्ण वाच, छोटासाच आहे, आणि मसुदा रविवारच्या आत पाठव. आई परीक्षेचं वेळापत्रक विचारते आहे, तेही कळव.

तुझा,
बाबा