परराष्ट्र सचिवपदाचा इतिहास वाचकांपुढे यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांचा चेहरा घराघरांत ओळखीचा झाला. १० मेच्या संध्याकाळी पत्रकारांसमोर येऊन त्यांनी मोजक्या वाक्यांत सांगितले की, पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी आपल्या महासंचालकांना फोन केला आणि सायंकाळी ५ पासून जमीन, हवा व समुद्र या तिन्ही ठिकाणची कारवाई दोन्ही बाजूंनी थांबवायचे ठरले आहे. त्यानंतर समाजमाध्यमांवर त्यांच्यावर आणि त्यांच्या कुटुंबीयांवर जी चिखलफेक झाली, त्यामुळे त्यांना आपले एक्स खाते बाहेरच्यांसाठी बंद करावे लागले. आयएएस आणि आयपीएस अधिकाऱ्यांच्या संघटनांनी निषेध केला, काही विरोधी नेतेही त्यांच्या बाजूने बोलले. ते योग्यच झाले. पण सरकारने घेतलेला निर्णय ज्याने जाहीर केला, त्यालाच लोकांनी त्या निर्णयाचा धनी का ठरवले, हा प्रश्न मला अजून सलतो. माझ्या मते याचे कारण एवढेच की, हे पद काय आहे, ते कुठून आले आणि त्याच्या हातात किती सत्ता असते, हे आपल्याला कोणी नीट सांगितलेलेच नाही. राज्यशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि पाठ्यपुस्तकांत या पदाला जेमतेम एखादी ओळ मिळते हे मी पाहिले आहे.

खरे तर या कहाणीची सुरुवात आपल्या अंगणातूनच होते. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. महादजी शिंदे आणि वॉरन हेस्टिंग्ज यांच्यातल्या या तहाने पहिले इंग्रज-मराठा युद्ध थांबले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १७८३ मध्ये, हेस्टिंग्जच्या प्रशासनावरचा गुप्त आणि राजकीय कामाचा ताण कमी करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने कोलकात्यात वेगळे खाते काढले. आजच्या परराष्ट्र मंत्रालयाचे मूळ तिथे आहे. त्या काळी या खात्याला लंडन-पॅरिसची नव्हे, तर पुणे, नागपूर, ग्वाल्हेर, हैदराबाद या दरबारांची काळजी होती. चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून पुण्यात आला. पेशव्यांच्या दरबारात काय शिजते आहे, नाना फडणवीस कोणाकडे झुकत आहेत, याची खबर तो आणि त्याच्यामागून आलेले रेसिडेंट कोलकात्याला कळवत राहिले. तो पत्रव्यवहार पुढे जदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी खंडाखंडांनी छापून काढला. मराठेशाहीच्या अखेरच्या पर्वाचा अभ्यास त्याशिवाय होत नाही.

१८४३ मध्ये लॉर्ड एलेनबरोने सचिवालयाची घडी बसवली तेव्हा गृह, अर्थ, लष्कर आणि परराष्ट्र अशी चार खाती झाली आणि प्रत्येकावर सचिव आला. पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलच्या, म्हणजे कार्यकारी मंडळाच्या, सदस्यांमध्ये खातेवाटप झाले, पण परराष्ट्र खाते व्हाइसरॉयने स्वतःकडेच ठेवले. त्यामुळे मध्ये कोणी सदस्य नाही, सचिव थेट व्हाइसरॉयशी बोलणार, अशी रचना झाली. या एका गोष्टीने त्या सचिवाला केवढे वजन मिळाले, ते आजही नकाशावर दिसते. मॉर्टिमर ड्युरँड हा परराष्ट्र सचिव. त्याचे वडील हेन्री ड्युरँड हेही १८६० च्या दशकात याच खुर्चीवर होते. नोव्हेंबर १८९३ मध्ये मॉर्टिमर काबूलला गेला, अमीर अब्दुर रहमानशी बोलला आणि करार करून आला. त्या करारातून आलेली ड्युरँड रेषा पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात आजही धुमसते आहे. (फुटबॉलचा ड्युरँड चषकही याच गृहस्थाने १८८८ मध्ये सिमल्यात सुरू केला.) त्यानंतर वीस वर्षांनी सिमला परिषदेच्या वेळी हेन्री मॅकमहोन सचिव होता. मार्च १९१४ मध्ये तिबेटच्या प्रतिनिधीशी त्याने पत्रांची देवाणघेवाण केली आणि ईशान्येची सीमा ठरली. चीनने ती कधीच मान्य केली नाही. अरुणाचलच्या सीमेवर आपले जवान आज उभे आहेत, ते त्याच रेषेच्या रक्षणासाठी.

म्हणजे, एका सचिवाने सीमा आखावी अशी सत्ता या पदात एकेकाळी खरोखर होती. लोकांना जबाबदार नसलेल्या राजवटीतच असे होऊ शकते. स्वतंत्र भारतात तसे राहिले नाही आणि राहूही नये. सप्टेंबर १९४६ च्या हंगामी सरकारात परराष्ट्र खाते पंडित नेहरूंनी स्वतःकडे घेतले आणि शेवटपर्यंत सोडले नाही. त्यांच्या हाताखाली गिरिजाशंकर बाजपेयी सरचिटणीस झाले. मंत्रालयात सर्वात वरचा अधिकारी सरचिटणीस आणि परराष्ट्र सचिव त्याच्या खाली, अशी उतरंड होती. के. पी. एस. मेनन १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले परराष्ट्र सचिव झाले. त्यांचे चिरंजीव आणि नातू शिवशंकर मेनन हे दोघेही पुढे याच पदावर आले. १९६० च्या दशकात सरचिटणीसपद रद्द झाले आणि परराष्ट्र सचिव मंत्रालयाचा प्रमुख अधिकारी झाला. तोवर पंतप्रधानांच्या सचिवालयाचे वजन मात्र वाढू लागले होते, आणि पुढे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचे पदही आले. पदाची पायरी वर गेली, पण निर्णयाची जागा दुसरीकडेच राहिली.

या पदावरचा माणूस किती एकटा असतो हे २० जानेवारी १९८७ रोजी दिसले. राजीव गांधींची पत्रकार परिषद चालू होती. एका पाकिस्तानी पत्रकाराने पंतप्रधानांच्या पाकिस्तान भेटीबद्दल परराष्ट्र सचिवांच्या विधानाचा हवाला देऊन प्रश्न विचारला. पंतप्रधानांनी उत्तर दिले की, लवकरच तुमची गाठ नव्या परराष्ट्र सचिवांशी पडेल. तेव्हाचे परराष्ट्र सचिव ए. पी. वेंकटेश्वरन त्याच सभागृहात बसलेले होते. त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या संघटनेने उघड नाराजी नोंदवली, आणि सरकारी नोकरीत हे सहसा घडत नाही. पुढे या पदाला दोन वर्षांची निश्चित मुदत मिळाली, तरी जानेवारी २०१५ मध्ये सुजाता सिंह यांचा कार्यकाळ मुदतीआधीच संपवून एस. जयशंकर यांना आणले गेले. जयशंकर पुढे थेट परराष्ट्रमंत्री झाले. त्यांची गुणवत्ता कोणी नाकारणार नाही. तरीही नियमाने दिलेली मुदत पाळली गेली नाही याची खंत मला वाटते, मग सरकार कोणाचेही असो.

या खुर्चीवर पहिली महिला, चोकिला अय्यर, बसायला २००१ साल उजाडावे लागले. त्याआधी परराष्ट्र सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा यांना बढतीतल्या भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जावे लागले होते. महिला अधिकाऱ्याने लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी असा नियम तेव्हा होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७९ च्या निकालात अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. आपल्या मुलींना हे शाळेतच कळायला हवे.

आता मराठी माणसांविषयी. विजय गोखले यांचे नाव वाचकांना ठाऊक आहे. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटच्या कारवाईची माहिती देशाला त्यांनीच दिली. पण राम साठे? पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या चार मुलांना विचारा, बहुधा नाव ऐकलेले नसेल. देश स्वतंत्र झाल्यावर चीनच्या पश्चिम टोकाला असलेल्या काश्गरच्या भारतीय वकिलातीचा कारभार या साठ्यांनी पाहिला. मध्य आशियाच्या उंबरठ्यावरच्या त्या गावात, चिनी बाग नावाच्या वास्तूत, इंग्रजांनी अनेक दशके आपले ठाणे चालवले होते. चीनमध्ये सत्तांतर झाले आणि ते ठाणे कायमचे बंद पडले. पुढे साठे चीनमध्ये राजदूत झाले आणि १९७९ ते १९८२ या काळात परराष्ट्र सचिव. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या त्या याच काळात. जून १९८१ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री ह्वांग ह्वा दिल्लीत आले आणि वर्षअखेरीस सीमाप्रश्नावर अधिकाऱ्यांच्या पातळीवर बोलणी सुरू झाली, तीही याच काळात. तरुणपणी काश्गरमधून चीन पाहिलेला माणूस त्या वेळी मंत्रालयाच्या प्रमुखपदी होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

संपादक महोदय, आपल्या रविवारच्या पुरवणीत या पदावर आणि ते भूषवलेल्यांवर एक लेखमाला चालवावी, अशी विनंती आहे. तिची सुरुवात राम साठे यांच्यापासून व्हावी. त्यांच्यासोबत काम केलेले अधिकारी किंवा त्यांची पत्रे, छायाचित्रे ज्यांच्याकडे असतील अशी घरे महाराष्ट्रात नक्की असतील. त्यांना आपल्या दैनिकातून आवाहन करावे. आलेले साहित्य वाचून, लावून, टिपणे काढून देण्याचे काम मी विनामोबदला करायला तयार आहे.

आपला,
एक जुना वाचक, सातारा