हँडिकॅप डब्यातले न्यायाधीश

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लोकलच्या हँडिकॅप डब्यात धडधाकट लोक घुसतात, आरपीएफ (रेल्वे पोलीस फोर्स नव्हे, रेल्वे सुरक्षा दल) मधूनच मोहीम काढते, दंड होतो आणि चार दिवसांनी परत जैसे थे, यावर तुमच्याकडे पत्रं येतच असतील. तक्रार शंभर टक्के खरी आहे, मी स्वतः रोज डोंबिवलीहून त्याच डब्याने जातो. पण आज मला दुसऱ्या बाजूचं लिहायचंय, म्हणजे घुसखोरांचं नाही, आमचंच, आत बसलेल्यांचं.

मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे आधाराची धातूची पट्टी आहे. त्यामुळे मला सहप्रवाशांपैकी कोणी कधी अपंगत्वाचं कार्ड विचारत नाही. खट्‌ खट्‌ आवाज आला की लोक आपोआप सरकतात, कधीकधी तर नको म्हटलं तरी हाताला धरून बसवतात. पण ज्याचं दुखणं बाहेरून दिसत नाही त्याची या डब्यात जी उलटतपासणी होते ती बघवत नाही. आणि ती घेणारे कोण तर आम्हीच, म्हणजे ज्यांना आयुष्यभर लोकांनी वरवर बघून काय ते ठरवून टाकलंय तेच.

मध्यंतरी ठाण्याला एक कॉलेजचा मुलगा चढला, पाठीला सॅक, जीन्स, एकदम टकाटक. खिडकीची जागा मिळाली, बसला बाहेर बघत. समोरचे काका सुरू, ए भाऊ, हा हँडिकॅप डबा आहे, पुढच्या स्टेशनला उतर. मुलगा बघेचना. मग आवाज चढला, मस्ती बघा आजकालच्या पोरांची, अरे तुला ऐकू येत नाही का, आणि तेवढ्यात शेजारच्याने मोबाईल काढून व्हिडिओ सुरू पण केला. शेवटी कोणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकून वळला, सगळ्यांचे चेहरे बघितले आणि काही न बोलता खिशातून कार्ड काढून धरलं. कर्णबधिर होता. काकांनी ते कार्ड उलटंपालटं करून बघितलं, परत दिलं आणि म्हणाले, मग आधी दाखवायचं ना. आता बोला! ज्याला विचारलेलंच कळलं नाही त्याने आधी दाखवायचं म्हणे.

दुसरी एक ताई, डोक्याला घट्ट स्कार्फ, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जाडजूड फाईल, परळला, टाटा कॅन्सर हॉस्पिटलसाठी उतरणारी. परळ आणि फाईल म्हटल्यावर आमच्या लाईनवर वेगळं काही सांगावं लागत नाही, निदान लागू नये. कॅन्सर पेशंटना या डब्यातून जायची परवानगी आहे, गरोदर बायकांनाही आहे. पण तिला ऐकावं लागलं की पाय तर चांगले दिसतायत. गरोदर बाईचंही तेच, उलट्या आणि चक्कर यांचा सगळ्यात जास्त त्रास बहुतेकींना पहिल्या तीन महिन्यांत, आणि नेमकं तेव्हा पोट दिसत नसतं, म्हणजे बसायची गरज असते तेव्हा पुरावा नाही.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ होते, २०१६ च्या नव्या कायद्यात २१ झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरॉसिस, ऑटिझम, हे सगळं त्यात आहे आणि यातलं किती नुसतं बघून ओळखू येतं सांगा. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, चढवायची तारीख जवळ आली की त्याला जिना चढताना धाप लागते आणि रक्त चढवलं की तोच मुलगा पुढच्या आठवड्यात तुमच्या आमच्यापेक्षा फ्रेश दिसतो. तुम्ही त्याला कुठल्या आठवड्यात बघताय त्यावर तुमचा निकाल! त्यात पुन्हा कायद्यातली यादी आणि रेल्वेच्या सवलतीची यादी एकसारखी नाही, त्यामुळे कोणाला काय चालतं याचा रेल्वेवाल्यांचाही गोंधळ होऊ शकतो, आणि आमचे काका मात्र दोन सेकंदात ठरवून मोकळे.

मग घुसखोरांना मोकळं सोडायचं का, असं कोणी विचारेल. नाही ना! दरवाजात लटकणारी, ग्रुपने चढून मोठमोठ्याने हसणारी मंडळी मलाही कळतात, त्यांच्यामुळेच सगळ्यांचा संशय वाढलाय हेही मान्य. पण कार्ड तपासणं हे टीसीचं आणि आरपीएफचं काम आहे, रेल्वेचा १३९ हा हेल्पलाईन नंबर आहे, तिथे तक्रार करा. प्रवाशाने फार तर जवळ जाऊन हळू आवाजात एकदा विचारावं, आणि समोरच्याने हो म्हटलं की विषय सोडावा. माणूस आहे तो, सगळ्या डब्याला आपला आजार का सांगत बसेल? आणि व्हिडिओ तर काढूच नये, एकदा व्हॉट्सॲपवर गेला की नंतर दाखवलेलं कार्ड कोण बघतंय.

लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ पासून न दिसणारं अपंगत्व असलेल्यांना गळ्यात घालायला सूर्यफुलाच्या चित्राची हिरवी पट्टी देतात, ज्याला हवी त्याने घ्यावी. कल्पना चांगली आहे पण आपल्याकडे आठवड्याभरात दादर स्टेशनबाहेर वीस रुपयाला मिळायला लागेल याची मला खात्री आहे, त्यामुळे ते राहू द्या.

रेल्वेकडे मागणी साधी आहे. डब्याबाहेर व्हीलचेअरचं चित्र असतं, ते बघून लोकांना वाटतं की पाय गेलेल्यांनाच परवानगी. त्याऐवजी आत एक बोर्ड लावा, या डब्यातून कोणकोण जाऊ शकतं याचा, मराठीत, आणि गर्दीच्या वेळी टीसी आठवड्यातून दोनदा तरी खरोखर डब्यात चढू द्या. बोर्डावरचं अक्षर मात्र मोठं ठेवा आणि तीच माहिती डब्यात अनाउन्स पण करा, आमच्यात कमी दिसणारे आणि अजिबात न दिसणारेही आहेत.

आपला,
एक दिव्यांग प्रवासी, डोंबिवली