१२५ या आकड्यामागचं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न.

निवृत्तीनंतरही रविवारची दुपार तुम्ही आम्हा एमएस्सीच्या मुलांना दिलीत. हे आभार जाहीरपणे मानतेय, कारण सोलापुरात राहून कणभौतिकी कशी शिकणार, असं विचारणारी मुलं मला अजून भेटतात.

२०१२ साली सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन (मूलकणांना वस्तुमान मिळण्याशी जोडलेला कण) सापडला, वस्तुमान सुमारे १२५ जीईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), हे आम्हाला पाठ होतं. तुम्ही फळ्यावर आधी झेड बोसॉनचे, म्हणजे दुर्बल बल वाहणाऱ्या एका कणाचे, ९१ लिहिलेत. सुपरसिमेट्री म्हणजे प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असतो असं मानणारा सिद्धांत. त्याच्या सर्वांत साध्या मांडणीत, क्वांटम दुरुस्त्या धरल्या नाहीत तर, सगळ्यात हलका हिग्ज (तिथे हिग्ज एकाहून जास्त असतात) झेडपेक्षा जड असूच शकत नाही. मग ९१ वरून १२५ वर न्यायचं कुणी? टॉप क्वार्क (सर्वांत जड ज्ञात मूलकण) आणि त्याचा अजून न सापडलेला जोडीदार स्टॉप यांच्यामुळे येणाऱ्या दुरुस्त्यांनी. त्या टॉपच्या वस्तुमानाच्या चौथ्या घाताने वाढतात, स्टॉपच्या मात्र फक्त लॉगॅरिदमने, म्हणजे फार हळू. म्हणून टॉपचे १७२.५ च्या आसपासचे जीईव्ही दशांशापर्यंत नेमके हवेत, आणि म्हणूनच स्टॉप बराच जड असावा किंवा दोन स्टॉपचं मिश्रण मोठं असावं. न दिसलेल्या कणाबद्दल एवढं सांगता येतं! ते गणित तुम्ही आमच्याकडून ओळ न ओळ करून घेतलंत.

२०२२ साली अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या सीडीएफ गटाने डब्ल्यू बोसॉनचं (झेडसारखाच दुर्बल बल वाहणारा कण) वस्तुमान ८०,४३३.५ एमईव्ही (हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही) दिलं, प्रमाण प्रतिकृतीच्या, म्हणजे ज्ञात कणांच्या प्रस्थापित सिद्धांताच्या, अंदाजापेक्षा बरंच जास्त. आम्ही हरखलो. तुम्ही म्हणालात, "दुसरं माप येऊ दे." २०२४ मध्ये सर्नच्या सीएमएस प्रयोगाचं आलं: ८०,३६०.२, अंदाजाला धरून.

कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवलेल्या द्रव्याचा, तास मला सर्वांत जवळचा. सगळ्यात हलका न्यूट्रॅलिनो (सुपरसिमेट्रीतला विद्युतभार नसलेला कण) शुद्ध हिग्जसिनो, म्हणजे हिग्जचा जोडीदार, असेल, तर विश्वातलं सगळं कृष्णद्रव्य त्याचंच असायला वस्तुमान सुमारे १,१०० जीईव्ही लागतं. कण जितका जड, तितके ते संख्येने कमी, तितक्या धडका विरळ. अमेरिकेतल्या साउथ डकोटात जमिनीखाली दीड किलोमीटरवर एलझेड या कृष्णद्रव्य शोधणाऱ्या प्रयोगाचा द्रवरूप झेनॉन अशाच एखाद्या धडकेची वाट पाहतोय. अजून काही मिळालेलं नाही, आणि त्या न मिळण्यातूनही कितीतरी प्रतिकृती बाद होतात, हे तुम्ही दाखवलंत.

मॅडम, तुमच्या वहीतली ती गणितं आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मराठीत टाइप करतोय. तेवढी तपासून द्याल ना?

आपली विद्यार्थिनी,
सोलापूर