बेसट्यूबवर बंदी नको, बॅटरीजवळ फ्यूज हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत मागील आठवड्यात एका वाचकाने मोटारींमध्ये सबवूफर, म्हणजे खालच्या स्वरांसाठीचा खास स्पीकर, बसवण्यावर सरसकट बंदी घालावी, अशी मागणी केली आहे. रात्री साडेअकरा वाजता घराखालून जाणाऱ्या गाडीच्या धडधडीने काचेच्या कपाटातली भांडी वाजू लागतात, असे त्यांनी लिहिले आहे. पौड रस्त्याच्या आतल्या गल्लीत राहत असल्याने मलाही तो अनुभव नवा नाही. तरीही त्यांची मागणी मला पटत नाही. नोकरीची सारी वर्षे मी पिंपरीतील एका कारखान्यात वाहनांच्या वायरिंगचे काम केले आहे आणि ज्या गोष्टीची मला खरी धास्ती वाटते तिचा त्या पत्रात उल्लेखही नाही. ती गोष्ट म्हणजे बॅटरीपासून डिकीतल्या सबवूफरपर्यंत जाणारी, फ्यूज नसलेली वायर.

प्रथम, लोक हा खर्च मुळात का करतात, ते सांगणे आवश्यक आहे, कारण सगळेच काही रस्ता हादरवण्यासाठी करत नाहीत. कंपनीतून येणाऱ्या स्टिरिओवर ‘४ × ५० वॉट’ असे लिहिलेले असले तरी तो एका चॅनेलला, म्हणजे एका स्पीकरला, सलग जेमतेम १८ ते २० वॉट देऊ शकतो, कारण १४ व्होल्टच्या पुरवठ्यावर ४ ओहमच्या स्पीकरमध्ये त्याहून फारसे काही ढकलता येत नाही. दारातले साडेसहा इंची स्पीकर पातळ पत्र्यावर बसवलेले असतात. स्वर एक सप्तक खाली गेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा असला, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे हलावे लागते. दारातल्या स्पीकरला ते झेपत नाही. काळी एक या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची जोडीची तार साधारण १३९ हर्ट्झवर वाजते, तर खर्जाची तार ६९ वर. जोडी नीट ऐकू येते आणि खर्ज मात्र असून नसल्यासारखा वाटतो, तो यामुळेच. वरच्या स्वरांशांवरून आपला मेंदू खर्ज ओळखतो हे खरे, परंतु त्याचे वजन त्याला स्वतःहून निर्माण करता येत नाही. डग्ग्याचा घुमारा आणि पखवाजाची थापही अशीच हरवते. त्यात द्रुतगती मार्गावर टायरांची घरघर नेमकी याच खालच्या पट्टीत असते आणि उरलासुरला बेस ती गिळून टाकते. मग माणूस आवाज वाढवत जातो आणि वरच्या पट्टीतले स्वर कानाला टोचू लागतात. योग्य मापाचा लहान सबवूफर असेल तर एकूण आवाज कमी ठेवूनही ऐकणे भरल्यासारखे वाटते. मोटारीची केबिन लहान आणि बंदिस्त असल्यामुळे खालचे स्वर तिथे आपोआप उचलले जातात. त्यामुळे सीटखाली मावणारा आठ इंचीसुद्धा बहुतेकांना पुरतो.

पूर्वी हे काम सोपे होते. आमच्या पिढीतले लोक ज्याला अजून ‘टेप’ म्हणतात तो १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच अशा ठरलेल्या खाचेत बसत असे, आणि अर्ध्या तासात जुना काढून त्या जागी नवा बसवता येत असे. आताच्या टचस्क्रीनमध्ये रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणे, काही गाड्यांत तर एसीच्या सेटिंगसुद्धा गुंतलेल्या असतात. म्हणून मूळ स्टिरिओ तसाच ठेवून त्याच्या मागच्या स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घ्यायचा आणि त्याची शक्ती वाढवणारा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा, ही पद्धत रूढ झाली आहे. दुकानदार ‘वायर कट न करता कपलर टू कपलर’, म्हणजे तयार प्लगला प्लग जोडून, असे सांगतात, आणि सिग्नलच्या बाबतीत ते बहुधा खरेही असते. वीजपुरवठ्याच्या वायरीबद्दल मात्र ते काही सांगत नाहीत आणि ग्राहकही विचारत नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने त्याच्या नव्या हॅचबॅकमध्ये शहरातील एका दुकानातून बेसट्यूब, म्हणजे नळकांड्याच्या आकाराचा सबवूफर, बसवून घेतली. खोक्यावर १२०० वॉट असे ठळक अक्षरांत छापलेले होते. ट्यूबच्या मागच्या बाजूला अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज २० अँपिअरचा होता. २० ला १४ व्होल्टने गुणले की २८० वॉट होतात. आत जाणारी वीजच इतकी असेल तर बाहेर १२०० येणार कोठून? साधारण निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे १५० वॉटच्या आसपास, शक्ती स्पीकरला मिळते आणि आतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ‘आरएमएस १५०’, म्हणजे सलग मिळणारी शक्ती १५० वॉट, असे लिहिलेलेही होते. खोक्यावरचा आकडा वाचण्याऐवजी फ्यूजवरचा आकडा वाचावा, एवढे मी त्याला तेव्हा सांगितले आणि विषय तिथेच संपला.

दोन महिन्यांनी वायपरचे पाणी भरण्यासाठी बॉनेट उघडले तेव्हा एक लाल वायर बॅटरीच्या धन टर्मिनलला थेट आवळलेली दिसली. वायरीवर फ्यूज नव्हता. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला नवे भोक पाडून ती आत नेली होती आणि त्या भोकात पत्र्याची कड वायरीला लागू नये म्हणून बसवतात ते रबरी कडे, म्हणजे ग्रोमेटही नव्हता. हाताने जरा मागे ओढून पाहिली, तर पत्र्याच्या कडेवर घासून तिचे आवरण निम्मे उरले होते आणि टोकाशी कापलेले धागे आतून चंदेरी दिसत होते; म्हणजे तांब्याचा नुसता मुलामा दिलेले ॲल्युमिनियम, ज्याचा विद्युतरोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. आम्ही दोघे त्या दुकानात गेलो. उत्तर मिळाले, ‘काका, फ्यूज अँपमध्येच आहे की.’

हे उत्तर मी याआधीही दोन ठिकाणी ऐकले आहे आणि हे पत्र लिहिण्याचे कारणही तेच आहे. अँपमधला, म्हणजे अॅम्प्लिफायरमधला, फ्यूज अँपला राखतो. बॅटरीपासून अँपपर्यंतची चार-साडेचार मीटर वायर त्या फ्यूजच्या अलीकडे असते आणि तिच्यावर काय ओढवते याची त्याला खबरही लागत नाही. तिचे आवरण झिजून ती गाडीच्या पत्र्याला टेकली, तर पत्रा हाच बॅटरीचा ऋण टोक असल्यामुळे थेट शॉर्टसर्किट होते. लहान मोटारीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरीसुद्धा स्टार्टर फिरवताना शंभराहून अधिक अँपिअर सहज देते. शॉर्टसर्किटमध्ये ती त्याच्या कितीतरी पट देईल आणि ते सगळे त्या करंगळीएवढ्या वायरीतून जाईल. काही सेकंदांत वायर तापून लाल होते, आवरण पेटते, आणि ती तर गालिच्याखालून, सीटच्या फोमला चिकटून गेलेली असते. किल्ली काढली तरी प्रवाह थांबत नाही, कारण ही जोडणी किल्लीने बंद होणाऱ्या मंडलात नाहीच. गाडी सोसायटीच्या तळघरात उभी असतानाही हे घडू शकते.

यावरचा उपाय काही शे रुपयांचा आहे. बॅटरीच्या टर्मिनलपासून दीड फुटाच्या आत, त्या वायरीच्या क्षमतेला साजेसा फ्यूज बसवायचा. फ्यूजचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो, हे अनेक मेकॅनिकांना ठाऊक नसते. फ्यूज वारंवार उडू लागला की ते त्याहून मोठा टाकतात आणि मग तो असून नसल्यासारखाच होतो. पत्र्यातून जाताना ग्रोमेट, इंजिनाच्या बाजूला नालीदार प्लॅस्टिकची नळी, आणि ऋण जोडणी डिकीतच, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. सिग्नलची केबल गाडीच्या एका बाजूने आणि विजेची दुसऱ्या बाजूने न्यावी, नाहीतर इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधून अल्टरनेटरची, म्हणजे गाडीच्या जनित्राची, शिट्टी ऐकू येऊ लागते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते आणि काम तिच्यावरूनच करायचे असते. नारिंगी आवरणाच्या, उच्च दाबाच्या तारांच्या वाटेला रस्त्यावरच्या कारागिराने जाऊच नये.

आता आवाजाविषयी, कारण पत्रलेखकाची मूळ तक्रार तीच आहे. त्यांची व्यथा खरी असूनही पोलिसांचा मीटर त्यांना का पुरेशी साथ देत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. परंतु हे डेसिबल ‘ए’ मापाचे आहेत, म्हणजे मंद आवाज माणसाच्या कानाला जसे ऐकू येतात त्याप्रमाणे खालच्या स्वरांना कमी गुण देणारे. ५० हर्ट्झच्या स्वरातून हे माप तब्बल ३० डेसिबल वजा करते. ज्या ८५ डेसिबलच्या घुमाने खिडकीची तावदाने थरथरतात, तो मीटरवर ५५ इतकाच, म्हणजे दिवसाच्या मर्यादेत बसणारा आणि रात्रीची मर्यादा दहानेच ओलांडणारा, दिसतो. शिवाय ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते. विटांची भिंत वरचे स्वर बऱ्यापैकी अडवते, पण हा घुमारा भिंतीतून आरपार येतो, त्यामुळे गाणे कोणते आहे ते कळत नाही आणि ठोका तेवढा छातीत बसतो. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक पुणेकराला याचा अनुभव आहे, फक्त तिथे आपण तो मागून घेतलेला असतो.

म्हणूनच बंदी मागण्याऐवजी महापालिका आणि पोलिसांनी रात्रीच्या मोजणीत खालच्या स्वरांना जवळजवळ पूर्ण गुण देणारे ‘सी’ मापही नोंदवावे, अशी मागणी केल्यास ती जास्त उपयोगी ठरेल, असे मला वाटते. बंदी आली तर चांगली दुकाने काम थांबवतील आणि वर वर्णन केले तसले काम गल्लीबोळांत चालूच राहील.

दुकानदारांकडून एक अपेक्षा मात्र ठेवावी. बिलावर ‘म्युझिक सिस्टीम फिटिंगसह’ एवढेच न लिहिता वायरीची जाडी, ती तांब्याची की ॲल्युमिनियमची, आणि बॅटरीजवळच्या फ्यूजचा आकडा लिहून द्यावा. विम्याच्या दृष्टीनेही हे कामाचे आहे, कारण कंपनीच्या मूळ किमतीत नसलेली विद्युत उपकरणे पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवावी लागतात, आणि गाडी जळाल्यावर पाहणीस येणारा माणूस पहिली नजर अशा बाहेरून टाकलेल्या वायरीवरच टाकतो. पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या दुकानांत चांगली तांब्याची वायर आणि फ्यूजचे होल्डर विनासायास मिळतात. त्यासाठी मुंबईला जाण्याची गरज नाही.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, कारण आवाज फाटण्याचे आणि सबवूफर जळण्याचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. अँपवरचे ‘गेन’ हे बटण आवाज वाढवण्यासाठी नसते. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अँप यांचा मेळ घालणे एवढेच त्याचे काम. अनेक कंपन्यांचे स्टिरिओ आवाज वाढवत नेला की लहान स्पीकर वाचवण्यासाठी बेस आपोआप कमी करत जातात. मग मालकाला वाटते सबवूफर दमला, आणि तो गेन फिरवत सुटतो. घरात व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर असेल तर सबवूफरची तार काढून, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवून ५० हर्ट्झचा स्वर वाजवावा आणि अँपच्या टोकांवर व्होल्टेज पाहावे. शक्ती आणि रोध यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ एवढे ते असायला हवे. १५० वॉट आणि ४ ओहम असतील तर साडेचोवीस व्होल्टला हात थांबवावा. सबवूफरकडे जाणारे वरचे स्वर कापणारा फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला, तर गायकाचा आवाज डिकीतून आल्यासारखा वाटत नाही.

भाच्याच्या गाडीतली ती वायर आम्ही एका रविवारी दोघांनी मिळून काढली. त्या जागी ८ गेजची तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा फ्यूज आणि पत्र्याच्या भोकात ग्रोमेट असे काम चार तासांत झाले. त्यातला दीड तास गालिचा उचलण्यात आणि परत बसवण्यात गेला. मागच्या नंबरप्लेटची थरथर मात्र अजून थांबलेली नाही. तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवायची राहून गेली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त विद्युत अभियंता,
कोथरूड, पुणे ३८