वडिलांकडचं कोणी विचारतच नाही

संपादकांना नमस्कार,

ऑक्टोबर आला की सगळ्या पेपरांत ब्रेस्ट कॅन्सरवर लेख येतात, गाठ लागली तर लाजू नका, दाखवा वगैरे, चांगलंच आहे ते, पण अनुवंशिक कॅन्सरवर दोन ओळींच्या पुढं कोणी जात नाही म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या बहिणीला ३९व्या वर्षी गाठ निघाली. मिरजेत एका दवाखान्यात फॉर्म भरताना सिस्टरनी विचारलं, आईला, मावशीला कोणाला होता का? आम्ही नाही म्हटलं, खरंच नव्हता. टिक मारली, विषय संपला. मग तासगावची आत्या बघायला आली आणि चहा पिता पिता बोलून गेली की आमची आई पण अशीच चाळिशीत गेली, पोटात पाणी व्हायचं, सुईनं काढलं तरी आठ दिवसांत परत भरायचं. आमच्याकडं जमिनीचा सातबारा पणजोबापर्यंत तोंडपाठ, पण आजी कशानं गेली ते आत्तापर्यंत कोणाला धड ठाऊक नव्हतं! ते पाणी अंडाशयाच्या कॅन्सरचं असू शकतं असं दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, मग बहिणीची टेस्ट केली, बीआरसीए१ नावाच्या जीनमध्ये, म्हणजे जनुकात, दोष निघाला. वडिलांचं रक्त दिलं तर त्यांच्यातही तोच. वडील सत्तरीत, ठणठणीत, रोज रानात जातात.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. हा जीन सगळ्यांतच असतो, त्यावरनं जे प्रोटीन बनतं ते पेशीतल्या तुटलेल्या डीएनएची डागडुजी करतं. जीनच्या दोन प्रती असतात, एक आईची एक बापाची. एक जन्मतः बिघडलेली असली आणि पुढं एखाद्या पेशीत दुसरीही गेली की डागडुजी बंद. म्हणजे वारशात कॅन्सर येत नाही, धोका येतो, आणि तो मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला निम्मी शक्यता. पुरुषांना त्रास कमी म्हणून तो त्यांच्यातनं गुपचूप पुढं सरकतो. हा जीन १७ नंबरच्या क्रोमोसोमवर, म्हणजे गुणसूत्रावर, आहे हे अमेरिकन शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९०लाच दाखवलंय, १९९४ला तो सापडला पण, आणि आमच्या फॉर्मवर अजून आई-मावशीच.

आता लगेच सगळ्यांनी टेस्टला पळू नका, ब्रेस्ट कॅन्सरच्या शंभर बायकांत पाच-दहा जणींचाच असा वारशाचा असतो. टेस्ट आधी आजारी माणसाची करायची, दोष सापडला तरच बाकीच्यांची. ज्या बाईत तो निघतो तिची एमआरआयनं तपासणी पंचविशीपासनं सुरू करतात.

आता राहिला भाऊ. तो टेस्ट करत नाही. त्याच्यात नसेल तर पोरीला आमच्या बाजूनं काही धोका नाही, एका रक्ताच्या नळीत सुटका होईल, पण नाही. पोरीची सोयरीक जमू दे मग बघू म्हणतो. पोरगी येत्या मार्चमध्ये २५ची होतेय.

एक वाचक, सांगली