आत्यास, टोरांटोहून

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

गुडघ्यांमुळे तुला साताऱ्याहून येता आलं नाही, म्हणून ग्वाल्हेरचं सगळं लिहून कळवते. फोनवर तू रडतेस आणि मग मीही.

बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, "काही मनात राहिलं असेल तर बोला." दादा तुला माहीतच आहे, चहा हवा हेसुद्धा खुणेनं सांगणारा. तो चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "आईला एकटं ठेवणार नाही. तानपुरा विकणार नाही." कावळा तरी आला नाहीच, शेवटी दर्भाचा करावा लागला. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण शब्द तर दिला गेला. तानपुऱ्याला नव्या तारा आल्यात. तारांखालची घोडी घासून जवारी कुणाकडून काढून घ्यायची, यावर अजून वाद चालू आहे.

भेटायला येणाऱ्यांचं बोलणं मात्र ऐकवत नव्हतं. एक बाई आईला म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार." धर्माच्या नावावर असलं बोलणाऱ्यांचा मला फार राग येतो गं. उलट शेजारचे काका रोज संध्याकाळी येत, ज्ञानेश्वरीचं एखादं पान वाचत आणि चहा न घेताच जात. अर्थ ते सांगत नसत, आईही विचारत नसे. पण सहा वाजले की ती तोंड धुऊन बसायची.

इथे ऑफिसनं एका समुपदेशक बाईंशी गाठ घालून दिली. त्या म्हणाल्या, गेलेल्या माणसातून मन सोडवून घेणं हेच शोकाचं काम, असं फ्रॉइडनं १९१७ साली लिहिलं. अलीकडचे अभ्यासक म्हणतात, नातं चालूच राहतं, फक्त त्याचं रूप बदलतं. मी म्हटलं, आमच्याकडे त्यासाठी भाद्रपदात अख्खा पंधरवडा ठेवलाय.

डिसेंबरात आई तानसेन समारोहाला गेली. वर्ष व्हायच्या आत कशाला, म्हणून काकू कुरकुरल्या. पण बाबांना रात्रीच्या गाण्याइतकीच तिथली पहिली सकाळ प्रिय होती: सूफी संत महंमद गौस यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनाच्या समाधीपाशी आधी ढोलीबुवांची हरिकथा, मग पैगंबरांचं गुणगान करणारा मिलाद. आई दोन्ही ऐकून आली. येताना, ज्यानं गळा गोड होतो म्हणतात तो तिथल्या चिंचेचा पाला चावून पाहिला म्हणे, आवाज होता तसाच आहे.

वर्षश्राद्धाला तू यायचंच. गोवा एक्स्प्रेस साताऱ्याहून थेट ग्वाल्हेरला जाते, खालचा बर्थ दादा काढून देईल. आमसुलाची चटणी आईला तुझ्याच हातची हवी आहे.

तुझी भाची