नुसते लिफ्ट किट नको

महोदय,

जिम्नी, थार या जीपगाड्यांना दोन इंचांचे लिफ्ट किट (गाडी उंच करणारे स्प्रिंग वगैरे) बसवण्याची टूम सध्या जोरात आहे. नुसत्या उंच स्प्रिंगने अखंड अ‍ॅक्सलच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या एकसंध आसाच्या) डिफरन्शियलखालची, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीखालची, जागा तसूभरही वाढत नाही; ती मोठ्या टायरनेच वाढते. जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड. गाडी उचलली की कॅस्टर कोन (स्टिअरिंगच्या धुरीचा मागे झुकाव) घटतो, वळणानंतर स्टिअरिंग नीट परतत नाही आणि पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला आडवे जागेवर धरणारा दांडा) अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो. म्हणून तो कोन पूर्ववत करणारे कॅस्टर बुश आणि लांबी बदलता येणारा रॉड हवाच. थारच्या पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे (चाके फिरवणाऱ्या दांड्यांचे) सांधे तिरपे चालून त्यांवरचे रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर पडते. चाक पूर्ण लोंबकळत ठेवून ब्रेक होज (ब्रेकची रबरी नळी) ताणला जातो का, हे गॅरेजातच पाहा. घाटात अशी गाडी जास्त कलते. गॅरेजवाल्यांनी हे, आणि मोटार वाहन कायद्याचे गाडीतील बदलांविषयीचे कलम ५२, पैसे घेण्याआधी सांगावे.

— एक वाचक, पुणे